भुकेचा पत्ता आणि सायटेशनचा हिशेब

पोटात कावळे ओरडू लागले की आपला हात पोटावर जातो. पण ‘आता ताटावर बस’ हा हुकूम सुटतो मेंदूतून. मेंदूच्या नेमक्या कुठल्या कोपऱ्यातून तो सुटतो, याचा पहिला ठोस पत्ता १९५१ साली अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लागला. तो शोधणारे दोघे होते. एक जॉन ब्रोबेक आणि दुसरे दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे डॉ. बालकृष्ण आनंद.

प्रयोग ऐकायला सोपा वाटतो, करायला अत्यंत नाजूक. उंदराचे डोके एका चौकटीत घट्ट बसवायचे, मोजपट्टीवर मिलिमीटरच्या अंशापर्यंत जागा ठरवायची, मेंदूच्या तळाशी असलेल्या हायपोथॅलॅमसच्या बाजूच्या भागात बारीक तार उतरवायची आणि विजेच्या सौम्य प्रवाहाने तेवढाच ठिपका निकामी करायचा. एकाच बाजूचा ठिपका निकामी केला तर उंदीर पूर्वीसारखाच खात राहिला. दोन्ही बाजूंचे केले तेव्हा त्याने खाणे पूर्ण थांबवले. अन्न तोंडासमोर असताना ते उंदीर उपासमारीने मेले. हायपोथॅलॅमसचा मधला भाग बिघडवला तर प्राणी बेसुमार खात सुटतो आणि लठ्ठ होतो, हे आधीच माहीत होते. अशा खादाड झालेल्या उंदरांच्या बाजूच्या भागातले हे ठिपकेही निकामी केल्यावर त्यांचीही भूक मेली. आनंद आणि ब्रोबेक यांनी त्या जागेला ‘फीडिंग सेंटर’ म्हटले.

तेव्हापासून भुकेवर, लठ्ठपणावर, प्रेरणेवर लिहिणाऱ्यांच्या संदर्भयादीत ‘आनंद आणि ब्रोबेक, १९५१’ ही ओळ येत राहिली आहे. संशोधनाच्या जगात अशा प्रत्येक उल्लेखाला सायटेशन म्हणतात आणि आज वैज्ञानिकाची नोकरी, बढती, अनुदान, पुरस्कार हे सारे सायटेशनच्या बेरजेवर तोलले जाते. दिल्ली आणि तिच्या परिसरात मेंदू व चेतासंस्थेवर जे काम झाले, त्यातली काही मोठी कामे या बेरजेच्या शेजारी ठेवून पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते. कामाचा गाजावाजा किती झाला हे बेरीज सांगते. कामाचे मोल कळण्यासाठी ते काम वाचावेच लागते.

दुरुस्तीचाही हिशेब होतो

आनंद यांच्याच पेपरपासून सुरुवात करू. १९५४ साली फिलिप टायटलबॉम आणि एलियट स्टेलर यांनी दाखवले की, खाणे सोडलेल्या उंदरांना नळीने भरवून जगवत ठेवले तर हळूहळू ते पुन्हा स्वतः खाऊ लागतात. म्हणजे भुकेचे सारे सूत्र त्या एका ठिपक्यात नव्हते. पुढे १९७१ साली स्वीडनच्या उर्बान उंगरस्टेट यांनी डोपामिन वाहून नेणारे चेतातंतू रसायनाने नष्ट केले आणि जवळपास तसाच परिणाम मिळवला. तेव्हा शंका आली, की आनंद यांच्या तारेने पेशींबरोबर त्या भागातून जाणारे तंतूही जाळले असतील. मग १९९८ साली त्याच बाजूच्या हायपोथॅलॅमसमध्ये ओरेक्सिन हे रसायन बनवणाऱ्या पेशी सापडल्या. भुकेच्या आणि जागेपणाच्या कारभारात त्यांचा हात असल्याचे दिसले आणि त्या जागेचे महत्त्व पुन्हा वर आले.

पाठिंबा, शंका, दुरुस्ती, पुनर्विचार अशा सगळ्या टप्प्यांवर १९५१ च्या पेपरचा उल्लेख झाला. संगणकाच्या लेखी यातले प्रत्येक सायटेशन सारखेच. ‘हे बरोबर आहे’ आणि ‘हे अपुरे आहे’ या दोन्ही वाक्यांना तो एकच गुण देतो. आनंद यांच्या कामाची खरी थोरवी तर याच वादात आहे. त्यांनी प्रश्न इतका नेमका मांडला की पुढच्या दोन पिढ्यांना तो खोडायचा असला तरी त्याच जागी तार उतरवावी लागली.

भारतात परतल्यावर आनंद यांनी हा धागा सोडला नाही. १९५५ साली त्यांनी मांजरांवर आणि माकडांवर केलेले त्याच विषयाचे काम प्रसिद्ध केले. एम्स उभी राहिली तेव्हा तिथला शरीरक्रियाशास्त्र विभाग त्यांनी बांधला. १९६२ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात जी. एस. छिना आणि बलदेव सिंग यांच्यासह त्यांनी दाखवले, की रक्तातली साखर चढली किंवा उतरली की हायपोथॅलॅमसच्या या केंद्रांतली विद्युत्-हालचाल बदलते. भूक आणि रक्त यांचे बोलणे मेंदूत कसे पोहोचते याचा हा पुरावा दिल्लीच्या प्रयोगशाळेत मिळाला होता.

योगी, ईसीजी आणि न ऐकू येणारे ठोके

आनंद यांच्या कामाचा दुसरा भाग योग्यांच्या अभ्यासाचा. हृदय थांबवून दाखवणाऱ्या योग्यांच्या कथा भारतभर सांगितल्या जात. मॅरियन वेंगर आणि बसू कुमार बागची हे अमेरिकेत काम करणारे दोन संशोधक १९५७ साली उपकरणे घेऊन भारतात आले आणि आनंद त्यांच्या कामात सामील झाले. १९६१ साली ‘सर्क्युलेशन’मध्ये आलेल्या त्यांच्या पेपरने सांगितले, की योगी श्वास रोखून छातीचे आणि पोटाचे स्नायू आवळतात, त्यामुळे हृदयाकडे परतणारे रक्त घटते, मनगटावरची नाडी हाताला लागत नाही आणि स्टेथोस्कोपला ठोके ऐकू येत नाहीत. पण ईसीजीचा कागद सांगत होता, की हृदय चालूच होते.

त्याच वर्षी आनंद, छिना आणि सिंग यांनी समाधीतल्या योग्यांचे ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत्-लहरींचे आलेख, घेतले. ध्यानात त्यांच्या मेंदूत अल्फा लहरी टिकून राहत आणि आवाज, प्रकाश, स्पर्श अशा बाहेरच्या धक्क्यांनीही त्या तुटत नसत. दोन योग्यांनी चार अंश सेल्सिअसच्या पाण्यात पाऊण तासाहून अधिक वेळ हात बुडवून ठेवला, तरी त्यांच्या अल्फा लहरी मोडल्या नाहीत. एका पेपरने दावा मोडला, दुसऱ्याने एक खरी क्षमता नोंदवली. दोन्हीकडे आनंद यांनी श्रद्धा आणि अविश्वास दोन्ही बाजूला ठेवून उपकरणाला बोलू दिले. आज ध्यान आणि मेंदू हा जगभर गजबजलेला विषय आहे, आणि १९६१ चा तो ईईजी पेपर त्याच्या सुरुवातीच्या कामांत मोजला जातो. त्या काळी या विषयावर काम करून सायटेशन मिळतील असे कुणालाही वाटले नसते.

पाठ्यपुस्तकात विरघळलेले नाव

दिल्ली विद्यापीठाच्या नॉर्थ कॅम्पसवर वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूट आहे. १९६४ पासून पुढे पाव शतक तिचे संचालक होते डॉ. ऑटार सिंग पेंटल. १९२५ साली ब्रह्मदेशातल्या मोगोक इथे जन्म, लखनौला वैद्यकीय शिक्षण, एडिंबरा इथे पीएच.डी. मज्जातंतूंतून एकेक धागा सुटा करून त्याची भाषा ऐकणे हे त्यांचे कसब होते.

मेंदू आणि छाती-पोटातले अवयव जोडणाऱ्या मांजराच्या व्हेगस मज्जातंतूत हजारो तंतू असतात. पेंटल सूक्ष्मदर्शकाखाली, द्रवरूप पॅराफिनच्या थराखाली, बारीक सुईने त्या दोरीचे पदर उलगडत जात; शेवटी इलेक्ट्रोडवर ज्यात फक्त एकच तंतू बोलतो आहे असा धागा उरे. मग फुप्फुसात, हृदयात किंवा जठरात काय घडले की तो तंतू स्पंदतो, हे तपासायचे. असे करत १९५३ साली त्यांनी हृदयाच्या कर्णिकांतले दाबाची खबर देणारे संवेदक अभ्यासले. १९५४ साली जठर ताणले गेल्याची खबर देणारे संवेदक त्यांनी नोंदवले आणि पोट भरल्याची जाणीव त्यांच्याशी जोडली. आनंद यांना मेंदूत सापडलेल्या भुकेच्या प्रश्नाचे दुसरे टोक पोटातून वर येत होते आणि ते पेंटल यांच्या सुईला लागले.

१९५५ साली फुप्फुसात त्यांना काही वेगळेच तंतू सापडले. १९६९ साली ‘जर्नल ऑफ फिजिऑलॉजी’मध्ये पेंटल यांनी या तंतूंचे काम नेमके सांगितले. फुप्फुसाच्या हवेच्या कोशिकांलगत, केशवाहिन्यांना खेटून असलेले हे संवेदक तिथे पाणी किंवा रक्ताचा दाब वाढला की जागे होतात आणि श्वास उथळ व जलद करतात. त्यांना ‘जे रिसेप्टर’ हे नाव मिळाले. हृदय निकामी होत असताना रुग्णाला लागणारी धाप, उंच डोंगरावर फुप्फुसात पाणी साठल्यावर होणारी तगमग, जोरकस श्रमानंतर पायातले बळ जाणे या गोष्टी समजून घ्यायला या शोधाने वाट करून दिली. पहिल्या चाहुलीपासून यंत्रणा उलगडेपर्यंत चौदा वर्षे गेली.

आज एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थी जे रिसेप्टर पाठ करतो. फार थोडे जण पेंटल यांचा मूळ पेपर उघडतात. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी या घटनेकडे लक्ष वेधले होते. शोध ज्ञानात इतका मिसळतो, की त्याचा मूळ लेखक नमूद करण्याची कुणाला गरज वाटत नाही. पाठ्यपुस्तकाच्या ओळीला सायटेशन नसते. अतिदक्षता विभागात धापेचे कारण ओळखणाऱ्या डॉक्टरच्या निर्णयालाही नसते. शोध जितका खोल मुरतो तितका तो हिशेबातून निसटतो.

पेंटल १९८१ साली रॉयल सोसायटीचे फेलो झाले, १९८६ ते १९९१ या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे महासंचालक होते. त्याच १९८६ साली दिल्लीत काही वैज्ञानिकांनी ‘सोसायटी फॉर सायंटिफिक व्हॅल्यूज’ स्थापन केली. तिच्या स्थापनेत पेंटल आघाडीवर होते. संशोधनातली चोरी, खोटी आकडेवारी, दुसऱ्याच्या श्रमावर आपले नाव चढवणे या तक्रारींची शहानिशा करणे हे तिचे काम. तिच्या हाती कायद्याचा दंडुका नव्हता, फक्त सहकाऱ्यांसमोर सत्य मांडण्याचा अधिकार होता. एक तंतू सुटा करायला तासन् तास घालवणाऱ्या माणसाला उसन्या आकड्यांचा किती राग येत असेल, हे समजण्यासारखे आहे.

आकडा आला कुठून

सायटेशन मोजण्याची रीत युजीन गारफिल्ड यांनी १९६४ साली ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ सुरू करून रुजवली. हेतू स्वच्छ होता. एखाद्या कल्पनेचा प्रवास कुठून कुठे झाला हे शोधता यावे, एका पेपरवरून त्याच्या पुढच्या पेपरपर्यंत जाता यावे. ग्रंथपालाचे हे साधन हळूहळू बढती समितीच्या टेबलावर आले. २००५ साली भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श यांनी एच-इंडेक्स सुचवला. तुमचे वीस पेपर असे असतील की प्रत्येकाचा निदान वीस वेळा उल्लेख झाला आहे, तर तुमचा एच-इंडेक्स वीस. आयुष्यात दोनच पेपर लिहिले आणि दोन्हींचा हजारो वेळा उल्लेख झाला, तरी हा आकडा दोनच्या पुढे सरकत नाही.

आकड्याचे वेड किती फसवे असते याचे उदाहरण आनंद यांच्याच वर्षात आहे. १९५१ सालीच ऑलिव्हर लॉरी आणि सहकाऱ्यांनी प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली. जगात सर्वाधिक सायटेशन मिळालेल्या पेपरांत तो अग्रभागी आहे. त्याचे तीन लाखांहून अधिक उल्लेख झाले. कारण सरळ आहे: पद्धत वापरली की तिचा उल्लेख करावा लागतो. हा आपला थोर पेपर नव्हे, असे खुद्द लॉरी यांनी लिहून ठेवले आहे. फीडिंग सेंटरच्या पेपरशी त्याच्या आकड्याची तुलना केली तर त्यातून प्रथिने मोजणारे किती आणि भूक अभ्यासणारे किती, एवढेच कळते.

आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या म्हणजे यूजीसीच्या २०१० च्या नियमांनी प्राध्यापकांच्या नेमणुकीला आणि बढतीला एपीआयचे, म्हणजे शैक्षणिक कामगिरीच्या निर्देशांकाचे, गुण लावले. पेपर मोजले जाऊ लागले आणि पैसे घेऊन काहीही छापणारी जर्नल्स पावसाळी छत्र्यांसारखी उगवली. त्यांना आवर घालायला मान्य जर्नल्सची यूजीसी-केअर यादी आली आणि २०२५ साली तीही बंद झाली. शिक्षणसंस्थांच्या, २०१५ साली सुरू झालेल्या एनआयआरएफ क्रमवारीत संशोधन-प्रकाशनांना मोठे वजन आहे, त्यामुळे संस्थाही आकडा वाढवण्याच्या शर्यतीत उतरल्या. या साऱ्याचा भार सर्वांत जास्त पडतो तो तरुण संशोधकांवर. त्यांनी कोणता प्रश्न धरावा हे प्रश्नाच्या वजनापेक्षा पुढच्या वर्षाच्या अहवालावर ठरू लागते.

एका प्रश्नाची सतरा वर्षे

दिल्लीहून जयपूरकडे जाताना गुरुग्रामच्या पुढे मानेसर लागते. लोकांना ते मोटारींच्या कारखान्यांसाठी माहीत आहे. तिथेच अरवलीच्या पायथ्याशी राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र म्हणजे एनबीआरसी आहे. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाची ही संस्था १९९९ साली स्थापन झाली. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ तिच्या संस्थापक संचालक. १६ डिसेंबर २००३ रोजी राष्ट्रपती ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते ती देशाला अर्पण झाली.

इथल्या नीरज जैन यांच्या एका प्रश्नाचा प्रवास पाहण्यासारखा आहे. मणक्यातल्या मज्जारज्जूला दुखापत झाली की हाताकडून येणारी खबर मेंदूपर्यंत पोहोचत नाही. मेंदूतला हाताचा भाग काही काळ मुका होतो. पण कित्येक महिन्यांनी तो चेहऱ्याच्या स्पर्शाला उत्तर देऊ लागतो. हनुवटीला हात लावला की हाताच्या जागेतल्या पेशी जाग्या होतात. जैन, केनेथ कॅटानिया आणि जॉन कास यांनी अमेरिकेत माकडांवर केलेले हे काम १९९७ साली ‘नेचर’मध्ये आले. मेंदू स्वतःची मांडणी बदलतो हे दिसले, पण बदल घडतो कुठे हे कळले नव्हते. मेंदूच्या सालीत, मधल्या थॅलॅमसमध्ये की त्याहीखाली मेंदूच्या देठात?

उत्तर मानेसरला मिळाले आणि २०१४ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये आले. दुखापतीनंतर दीर्घकाळ जगलेल्या माकडांत संशोधकांनी मेंदूच्या देठातल्या, हाताची खबर पुढे पाठवणाऱ्या क्युनिएट केंद्रकाला औषधाने तात्पुरते बधिर केले. त्याबरोबर सालीतल्या हाताच्या जागेत येणारी चेहऱ्याची खबर थांबली. सालीतला चेहऱ्याचा नेहमीचा भाग बधिर केला तेव्हा मात्र ती येतच राहिली. म्हणजे नवी वाट सालीत नव्हे, देठात तयार झाली होती. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर पुनर्वसनाचे उपचार कुठे केंद्रित करावेत, यासाठी हे ज्ञान मोलाचे आहे.

१९९७ ते २०१४, सतरा वर्षे. प्राण्यांना दुखापतीनंतर वर्षानुवर्षे सांभाळायचे, एकेका प्रयोगाला रात्रंदिवस बसायचे आणि पेपर मोजके निघायचे. दरवर्षी पेपरांची संख्या मागणारा तक्ता अशा कामापुढे उभा केला तर या कामाचा गळा घोटला जातो. कुठल्याही तरुणाला मग तेच शहाणपण सुचेल: प्रश्न लहान कर, वर्षाला दोन पेपर काढ.

देवनागरीची परीक्षा

एनबीआरसीतले दुसरे एक काम मराठी घरात थेट पोहोचणारे आहे. नंदिनी चॅटर्जी सिंग आणि सहकाऱ्यांनी देवनागरी वाचताना मेंदूत काय चालते हे एमआरआयने पाहिले. वाचनाशी जोडलेल्या डाव्या बाजूच्या नेहमीच्या भागांबरोबर उजवीकडचे, आकार आणि जागा ओळखणारे भागही त्यात गुंतलेले दिसले. कारण आपल्या डोळ्यांसमोर आहे. ‘कि’ मधली वेलांटी अक्षराच्या आधी लिहितो आणि नंतर उच्चारतो. मात्रा वर, उकार खाली. आणि आपला र तर कर्म, क्रम, राष्ट्र, दऱ्या अशा चार ठिकाणी चार रूपांत बसतो. नजर एका रेषेत धावून भागत नाही. तिला वर-खाली, मागे-पुढे जावे लागते.

असे असताना मराठी मुलाचा डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनातला अडथळा, इंग्रजी चाचणीने ओळखायचा, हा त्या मुलावर अन्यायच. इंग्रजी येत नाही म्हणून अडले की वाचनाचीच अडचण आहे, हे अशा चाचणीत उलगडत नाही. एनबीआरसीने २०१५ साली ‘डाली’ नावाचा संच आणला. हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजी या चार भाषांत पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी. शिक्षकाने वर्गात निरीक्षण करून भरायची प्राथमिक चाळणी आणि नंतर मानसशास्त्रज्ञाने घ्यायची सविस्तर चाचणी.

या संचामुळे वर्गातल्या एखाद्या मुलावरचा ‘आळशी’ हा शिक्का पुसला गेला, तर त्याचे सायटेशन कुठे नोंदवायचे? शिक्षिका पेपर लिहीत नाही, पालक लिहीत नाहीत. भारतीय भाषांसाठी चाचणी बनवणे हे कष्टाचे काम. प्रत्येक भाषेत शब्द निवडायचे, शेकडो मुलांवर पडताळायचे. जगातल्या मोठ्या जर्नलला मराठी जोडाक्षरांत फारसा रस नसतो. आकड्यांच्या मागे धावणारा संशोधक या वाटेला जाणार नाही, आणि मग आपली मुले कायम परक्या भाषेच्या मापाने मोजली जातील.

वाचणारी समिती हवी

उपाय ठाऊक नाहीत अशातला भाग नाही. २०१२ साली सॅन फ्रान्सिस्कोत तयार झालेल्या ‘डोरा’ जाहीरनाम्याने जगभरच्या संस्थांना सांगितले, की जर्नलच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या पेपरांच्या सरासरी सायटेशनवरून, माणसाचे काम तोलू नका, काम वाचा. भारतातल्या संस्थांनी एवढे जरी केले तरी बरेच काही बदलेल. नेमणुकीच्या वेळी उमेदवाराने स्वतः निवडलेले तीन पेपर द्यावेत आणि समितीने ते वाचूनच बसावे. प्रत्येकाने एका पानात साध्या भाषेत लिहावे, की मी काय शोधले आणि त्याने कुणाची समज बदलली. भारतीय भाषांतल्या चाचण्या, साधने, माहितीसंग्रह यांना पेपरइतके वजन द्यावे. ज्या विषयात उत्तराला दहा-पंधरा वर्षे लागतात, तिथे अनुदान पाच-पाच वर्षांच्या टप्प्यांनी द्यावे आणि मधल्या काळात प्रयोगाची शिस्त तपासावी. सायटेशनचा आकडा टेबलावर राहू दे. तो प्रश्न विचारण्यासाठी कामाला येतो, निकाल देण्यासाठी नाही.

फीडिंग सेंटरवरचा पेपर वाचून काढायला एक दुपार पुरते. चौकट कशी बसवली, ठिपका कुठे केला, एका बाजूचा उंदीर खात राहिला आणि दोन्ही बाजूंचा का थांबला, हे वाचले की या माणसाला नोकरी द्यावी की नाही हे कुठल्याही जाणत्या समितीला कळेल. देशाच्या तिजोरीतून आपण प्रयोगशाळा बांधतो, कोट्यवधींची उपकरणे घेतो. तिथे काम करणाऱ्याचे पेपर वाचायला निवड करणाऱ्यांनी एक दुपार काढणे ही त्या खर्चातली सर्वांत स्वस्त बाब आहे, आणि ती आजपासून बंधनकारक करायला हवी.